सावेलीच्या वाट्याचा टोमणा

अमेरिकेतल्या मिलब्रुक गावच्या रशियन क्लबात त्रोइत्साचा, म्हणजे पवित्र त्रैक्याचा, सण आला की माणसं दोन गोष्टींची वाट बघायची. एक म्हणजे तिखोन कुझ्मिचने निखाऱ्यावर भाजलेलं मटण, आणि दुसरी म्हणजे कापितोलिना येरेमेयेव्नाने सावेलीची काढलेली खरडपट्टी. मटण एखाद्या साली करपायचं. खरडपट्टी मात्र कधी फसली नव्हती.

ही खरडपट्टी गाण्यातून व्हायची. सावेली निकानोरिच क्लबाचा गारमोनवाला. गळ्यात पट्टा अडकवून भात्याची ती बुटकी पेटी छातीशी धरायचा आणि खाली मान घालून वाजवत राहायचा. बायका त्याच्यासमोर फेर धरून नाचायच्या. मग एकेकीने पुढे यायचं, टाचांनी फळ्या दणाणून सोडायच्या आणि चार ओळींचं एक चुरचुरीत टोमणागाणं फेकायचं. कधी नवऱ्यावर, कधी शेजारणीवर, कधी अंड्यांच्या भावावर. या गाण्यांना चस्तूश्का म्हणतात, आणि गारमोनवाल्याला त्यात एक तरी टोमणा बसलाच पाहिजे अशी जुनी रीत आहे. कापितोलिना, म्हणजे सगळ्यांची कापा, ती रीत मनापासून पाळायची. बाई अंगाने भरदार, खांद्यावर फुलाफुलांची शाल, हातात रुमाल. ती पुढे आली की मुलं खेळ सोडून धावत यायची.

या गावात सगळे आले तेव्हा पहिल्याच सणाला तिने सावेलीच्या नाकाला हात घातला होता:

सावेलीच्या नाकाखाली
चिमणी बांधी घरटं,
पाऊस आला तरी बाई
पिल्लू राही कोरडं!

सावेलीची बायको अन्फीसा तेव्हा हसून हसून बाकावरून खाली पडली होती. त्यानंतर दर साली नवा टोमणा. त्याच्या कोंबड्या रस्त्यावर पळाल्या त्याचा, त्याने कुंपण वाकडं घातलं त्याचा. एकदा पेटीचा भाता उंदरांनी कुरतडला, तर त्याच संध्याकाळी:

सावेलीच्या पेटीला
भोकं पडली चार,
सूर पळाले शेतामध्ये,
कोंबड्या झाल्या गार!

सावेली यावर कधी काही बोलला नाही. बोलणं हे त्याचं कामच नव्हतं. कान लाल व्हायचे, मिशा थरथरायच्या आणि पेटी जरा जोरात वाजायची, एवढंच. पण सणाच्या आदल्या दिवशी दाढी करताना तो आरशात स्वतःला नीट न्याहाळायचा आणि मनाशी म्हणायचा, यंदा ही बया काय शोधून काढते बघू. अन्फीसा गेली, त्याचा अंड्यांचा धंदा बसला, क्लबातली निम्मी माणसं स्मशानात जाऊन झोपली. टोमणा तेवढा दर साली ताजा येत राहिला.

आणि मग गेल्या हिवाळ्यात सावेलीचं हृदय बिघडलं.

मोठ्या शहरातल्या इस्पितळात त्याची छाती उघडून, पायातली नस काढून ती हृदयाला जोडली. सावेली वाचला. नुसता वाचला नाही, चांगला टुणटुणीत झाला. डॉक्टरांनी सांगितलं, "कोंबड्यांच्या खाद्याची पोती तेवढी उचलू नका. बाकी चाला, फिरा, पेटी वाजवा, जे आवडतं ते करा."

हे सावेलीने ऐकलं. बाकी कुणी ऐकलं नाही.

मुलगी झोया शाळेत शिक्षिका होती, क्लबातल्या पोरापोरींचा नाच तीच बसवायची. तिने गारमोन उचलून कपाटाच्या वर ठेवून दिली. "पापा, ती जड आहे," म्हणाली. तो जिना चढायला लागला की ती मागे हात पसरून उभी राहायची, जणू मूल पहिलं पाऊल टाकतंय. पाद्री मित्रोफान भेटले की मान एका बाजूला कलती करून, आवाज खाली आणून विचारायचे, "कसं काय, सावेली निकानोरिच?" आणि तिखोनने तर कहर केला. तिखोन कुझ्मिच त्याचा जन्माचा दोस्त, डोमिनो खेळताना सोंगटी चोरल्याशिवाय ज्याच्या घशाखाली घास उतरत नसे असा माणूस. तो हरायला लागला.

"तिखोन, तुझ्याकडे दुहेरी सहा आहे," सावेली म्हणाला.

"छे, नाही रे."

"बाहीत घातलीस. मी बघितलं."

"असू दे ना, सावेली. तू जिंक. तुला बरं वाटेल."

सावेलीने सोंगट्या उधळून दिल्या आणि घरी निघून गेला. जिंकण्याची एवढी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

तरी त्याने दम धरला. जून येतोय, त्रोइत्सा येतोय, असं स्वतःला समजावत राहिला. झोयाशी भांडून, डॉक्टरांना फोन लावून, शेवटी बसून वाजवण्याच्या अटीवर त्याने गारमोन कपाटावरून खाली उतरवून घेतली. सणाच्या आदल्या दिवशी दाढी करताना आरशात बघितलं. छातीवर उभा लांब व्रण, गालफडं आत गेलेली, सदरा खुंटीला टांगल्यासारखा. तो खूश झाला. इतका माल कापाच्या हाती आयुष्यात लागला नव्हता.

सणाच्या सकाळी चर्चमध्ये बर्चच्या फांद्या लावल्या होत्या, जमिनीवर ताजं गवत अंथरलं होतं. प्रार्थना झाली आणि सगळे तळ्याकाठच्या कुरणावर जमले. झोयाच्या मुलींनी सराफानचे पायघोळ झगे घालून हंसासारख्या रांगा काढल्या, पोरांनी उकिडवं बसून पाय फेकले. एकाची टोपी थेट आंबील-काकडीच्या सूपात जाऊन पडली. मग बायकांचा फेर सुरू झाला आणि सावेलीने पाटावर बसल्या बसल्या चस्तूश्काची धून धरली.

कापा पुढे आली. पाद्र्यांच्या पोटावर एक म्हटलं, पाद्री स्वतःच टाळ्या पिटू लागले. तिखोनच्या मटणावर एक, डासांवर एक, नगराध्यक्षाच्या नव्या गाडीवर एक. मग ती सावेलीकडे वळली. सावेलीचे कान आधीच लाल झाले.

आमचा सावेली गुणी फार,
वाजवतो किती छान,
देवा, त्याला आयुष्य दे,
राहो त्याचा मान.

कुणी हसलं नाही. टाळ्या वाजल्या, पण हळूहळू, हातमोजे घातल्यासारख्या. दोन म्हाताऱ्यांनी डोळ्यांना पदर लावावा तसे शालीचे कोपरे लावले. सावेलीची बोटं पेटीवर चालत राहिली, पण त्याला वाटलं, आपण आपल्याच मरणानंतरच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला येऊन बसलो आहोत आणि लोक आपल्याबद्दल चांगलं चांगलं बोलत आहेत.

त्या रात्री त्याला मटण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो कापाच्या घरी गेला. ती अंगणात बरण्या धूत होती. त्याला बघून तिने हात पुसले आणि चटकन खुर्ची पुढे केली. पूर्वी ती म्हणायची, "आलास? पाय पूस, नाहीतर तिथूनच बोल."

"बस, बस. चालत आलास? कशाला एवढं? मला निरोप धाडायचास."

"कापा, तुझं माझ्याशी काय वाकडं आहे?"

"माझं? अरे देवा! काही नाही."

"मग काल काय म्हटलंस ते?"

"चांगलं म्हटलं की."

"तेच विचारतोय! चांगलं का म्हटलंस? सत्तावीस वर्षांत कधी चांगलं बोलली नाहीस. माझ्या नाकाला बोललीस, कुंपणाला बोललीस, माझ्या लग्नाच्या सुटाला बोललीस. काल मी तुला एवढं वाळून दाखवलं, अंगावर चिरा पाडून आणल्या, आणि तू काय म्हणालीस? गुणी!"

कापाने बरणी पुन्हा उचलली आणि धुतलेलीच धुवायला लागली. "झोया आली होती. म्हणाली, मावशी, पापाला काही लागेल असं बोलू नका. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी काय म्हणणार?"

"झोयाचं मी बघतो."

"नुसतं झोयाचं नाही." तिने बरणी खाली ठेवली. "जुन्या पंचांगाच्या नववर्षाला मी काय म्हटलं होतं आठवतंय?"

आठवत होतं. तेरा जानेवारीला क्लबात, बाहेर बर्फ पडत असताना म्हटलं होतं, आणि त्याला ते अतिशय आवडलं होतं:

सावेलीचं काळीज म्हणजे
जुन्या मोटारीचं इंजिन,
खोकून खोकून बंद पडेल,
ढकलायला माणसं तीन!

"आठवडा नाही झाला," कापा म्हणाली, "आणि तुला उचलून नेलं. उचलायला खरंच तीन माणसं होती, सावेली. मी खिडकीतून बघितली. तिसरा तिखोन होता." तिचा आवाज बारीक झाला. "माझ्या या जिभेनं केलं ते. मी त्या रात्री संत निकोलायच्या तसबिरीपुढे गुडघे टेकले आणि शपथ घेतली, हा वाचू दे, आजारी माणसाबद्दल पुन्हा वाकडा शब्द काढणार नाही. तू वाचलास. आता मी संताला फसवू?"

एरवी तोंडाची तोफ असलेली ही बाई, चार ओळींनी आपण माणूस मारला या भीतीने सहा महिने जगत होती.

"कापा, माझं हृदय डुकराच्या चरबीनं बिघडलं. डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टरांना काय माहीत मी काय गायले ते."

तो उठला. ती दारापर्यंत आली, पायरीपाशी त्याचं कोपर धरायला गेली. त्याने कोपर सोडवून घेतलं.

घरी न जाता तो थेट पाद्री मित्रोफान यांच्याकडे गेला. ते टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधत होते. सावेलीने सगळी हकिकत सांगितली. ऐकता ऐकता पाद्र्यांची कलती मान हळूहळू सरळ होत गेली.

"बात्युश्का," सावेलीने पाद्र्यांना आदराने हाक मारली, "शपथ सोडवता येते का?"

"संताशी केलेली? छे. मी सोडवीन आणि मग काही झालं तर ती माझ्यावर गाईल." त्यांनी दाढी खाजवली. "पण शपथेचे शब्द काय होते म्हणालास?"

"आजारी माणसाबद्दल वाकडा शब्द काढणार नाही."

"आजारी माणसाबद्दल."

"हो."

"तू आजारी आहेस का, सावेली निकानोरिच?"

सावेलीने आपल्याच छातीकडे पाहिलं.

"नसलास," पाद्री पुन्हा टोमॅटोकडे वळत म्हणाले, "तर संताला त्यात काही म्हणायचं असेल असं मला वाटत नाही. मात्र हे तिला पटायला हवं. मला पटून काय उपयोग?"

चार जुलै तोंडावर आला होता. त्या दिवशी गावच्या अमेरिकन जत्रेत दर साली क्लबाचा नाच असायचा. लाकडी मंच, पुढे घोडे, भोपळे, मक्याची कणसं, गावातले झाडून सगळे अमेरिकन आणि मंचावर मायक्रोफोन धरून झोया. नाच झाला की कापा चस्तूश्का म्हणायची आणि झोया ते इंग्रजीत सांगायची. म्हणजे सांगायची नाहीच. कापाने नगराध्यक्षाला भोपळा म्हटलं की झोया हसून सांगे, "त्या म्हणतात, आपल्या गावची जमीन फार सुपीक आहे."

सावेलीने ठरवलं. टोमणा मिळत नसेल तर आपण मारायचा. आणि बसून नाही, उभ्याने.

अडचण एवढीच होती की त्याला जन्मात कधी दोन ओळी जुळवता आल्या नव्हत्या. बोटांत धुनी होत्या, तोंडात काही नव्हतं. तो रोज खुराड्यात जाऊन बसू लागला. उरलेल्या कोंबड्यांना दाणे टाकायचा आणि पुटपुटायचा. कापा... चापा... थापा... एक दिवस तिखोन शोधत शोधत तिथे आला आणि दारातच थबकला. सावेली भिंतीकडे तोंड करून, पाय आपटत कोंबड्यांना काहीतरी गाऊन दाखवत होता.

"सावेली," तो भीत भीत म्हणाला, "झोयाला बोलवू का?"

"ये आत. दार लाव. 'वीट' ला यमक सांग."

"कुठली वीट?"

सावेलीने योजना सांगितली: कापाच्या जिभेवर आणि तिच्या पिरोश्क्यांवर, म्हणजे सारण भरून भाजलेल्या पावांवर, टोमणे. तिखोन आधी घाबरला, मग खुराड्याच्या पायरीवर बसून हसायला लागला. हसू आवरल्यावर म्हणाला, "तिच्या पिरोश्क्यांना तू नावं ठेवणार? सगळ्यांसमोर? सावेली, हृदयानं नाही मेलास तर तिच्या हातून मरशील."

"मग कळेल तरी जिवंत होतो म्हणून."

त्या संध्याकाळी डोमिनोत तिखोनने दोन सोंगट्या चोरल्या. सावेलीने एक पकडली, एक पकडली नाही, आणि दोघेही समाधानाने घरी गेले.

चार जुलैला ऊन चांगलंच तापलं होतं. मंचापुढे लोक दाटीवाटीने बसलेले, पोरांच्या हातात झेंडे, तोंडाला कणसांचं लोणी. झोयाच्या मुलींनी हंसांच्या रांगा काढल्या, पोरं उकिडवी बसून फिरली. अमेरिकन शिट्या मारू लागले. कापा रुमाल घेऊन पुढे आली. जत्रेतल्या डुकरांवर म्हटलं, अग्निशामक दलाच्या बंबावर म्हटलं. झोयाने दोन्हींचा अर्थ "सर्वांना शुभेच्छा" असा सांगितला. मग कापा गारमोनवाल्याकडे न वळता लोकांना वाकून नमस्कार करायला गेली, आणि तेवढ्यात सावेली उठून उभा राहिला.

"पापा!" झोया मायक्रोफोनमध्येच म्हणाली. सगळ्या जत्रेला ऐकू गेलं.

सावेलीने धून बदलली नाही, फक्त भाता मोठा ओढला. घसा खाकरला आणि क्लबातल्या कुणीही कधी न ऐकलेल्या, गंजक्या, पण ठणठणीत आवाजात म्हणाला:

कापाबाईची जीभ बाई
गंजली पावसात,
कात्री होती, चमचा झाली,
बुडते आता दह्यात!

रशियन मंडळींच्या बाजूला कुणीतरी "अगं आई!" म्हणालं. कापा वळली. तिची नजर त्याच्या छातीवर होती.

झोया मायक्रोफोनवर हात ठेवून पुटपुटली, "पापा, बस खाली. हात जोडते."

"माझं भाषांतर कर," सावेली म्हणाला, आणि उजव्या पायाची टाच फळीवर आपटली. मग डावी. मग दोन्ही, पेटीच्या तालावर, तिशीत असताना आपटायचा तशी नव्हे, पण फळ्या वाजल्या. तो कापाभोवती अर्धा फेर फिरला आणि तिच्या समोर येऊन उभा राहिला.

कापाबाईच्या पिरोश्क्या,
भट्टीमधली वीट!
दात माझे चारच उरले,
चावू कसं नीट?

आता मात्र जत्रा हलली. पिरोश्क्यांना! कापाच्या पिरोश्क्यांना, ज्यांच्यासाठी पाद्री उपवास मोडायला निघतात! मागून तिखोनचा घोड्यासारखा हसण्याचा आवाज आला. कापाचा चेहरा आधी पांढरा झाला, मग गुलाबी, मग बीटसारखा लाल. तिने पाद्र्यांकडे पाहिलं. पाद्री मित्रोफान पहिल्या रांगेत कणीस खात बसले होते. त्यांनी कणीस बाजूला केलं आणि अगदी मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कापितोलिना येरेमेयेव्ना, हा माणूस तुम्हाला आजारी दिसतो का?"

कापाने सावेलीला वरपासून खालपर्यंत पाहिलं. घाम निथळतोय, मिशा ताठ, पाय फळीवर थयथय करतायत, आणि डोळ्यांत असा काही दुष्टपणा की अन्फीसानेही त्याला ओळखलं नसतं.

"नाही," ती म्हणाली. "माजलाय."

आणि तिने शाल कमरेला खोचली.

चार दात, दोन केस,
कान एक बहिरा,
आरसा म्हणतो, नको रे बाबा
दाखवू तुझा चेहरा!

बायकांनी आरोळी ठोकली. सावेलीच्या अंगातून काहीतरी गरम, गोड वर चढत गेलं, थंडीत पहिला घोट घ्यावा तसं. पण त्याने सोडलं नाही. ही ओळ त्याने खुराड्यात केलेली नव्हती. ती कुठून आली त्याला कधी कळलं नाही:

तुझा आरसा बिचारा गं
गेला घर सोडून,
जाता जाता पाया पडला
हात दोन्ही जोडून!

"काय म्हणतायत? काय म्हणतायत?" अमेरिकन ओरडू लागले. एक लठ्ठ शेतकरी तर बाकावर उभा राहिला. "अहो बाई, खरं सांगा! शुभेच्छा नकोत!"

झोया मंचावर एकटी उभी. एका हातात मायक्रोफोन, दुसरा हात वडिलांच्या दिशेने अर्धवट पुढे आलेला. तिने वडिलांकडे पाहिलं. असे हसताना तिने त्यांना आई गेल्यापासून बघितलं नव्हतं. पुढे आलेला हात तिने मागे घेतला, मायक्रोफोन तोंडाशी धरला आणि दात, वीट, आरसा, सगळं जसंच्या तसं इंग्रजीत सांगून टाकलं. जत्रा अशी हसली की घोडे बिथरले.

कापा एका जागी टाचा वाजवत होती, पण गात नव्हती. पुढची ओळ तिच्या ओठांवर होती हे सावेलीला दिसत होतं, आणि ती बाहेर यायला भीत होती हेही दिसत होतं. त्याने पेटी अगदी हळू केली.

"म्हण," तो फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाला. "कापा, म्हण की."

तिने छातीवर क्रूस काढला, डोळे मिटले आणि म्हणाली:

डॉक्टरांनी छाती उघडली,
काळीज नाही सापडलं,
कोंबड्यांच्या खाद्याखाली
पोत्यात होतं दडलं!

आणि डोळे उघडून तिने बघितलं. सावेली पडला नाही. त्याचे कान लाल झाले, मिशा थरथरल्या आणि तो पेटीवर ओणवा होऊन इतका हसला की धून चुकली. त्याने आयुष्यात पहिल्यांदा धून चुकवली. कापाला रडू फुटलं आणि हसूही, दोन्ही एकदमच. तिने रुमालाने नाक पुसलं आणि तोच रुमाल हवेत फिरवून फेर धरला. मुली धावत तिच्या मागे लागल्या, पोरांनी पुन्हा पाय फेकायला सुरुवात केली. तो लठ्ठ शेतकरी कुणीही न बोलावता मंचावर चढला आणि उकिडवा बसून पाय फेकायला गेला. तो तिथेच बसून राहिला, त्याला चौघांनी उचलावं लागलं.

मग सावेलीने पाट ओढला आणि बसला. दम लागला होता. सगळे जागच्या जागी थांबले.

"पाणी आणा!" झोया ओरडली.

"पाणी नको," सावेली म्हणाला. "क्वास आण. थंड. आणि काय बघताय सगळे? मी सत्तरीचा माणूस नाचलो, दम लागणारच. तुम्हाला नाही लागत?"

तिखोनने क्वासचा, पाव आंबवून केलेल्या त्या पेयाचा, पेला आणला, पण देण्याआधी अर्धा स्वतः प्यायला. सावेलीने त्याला एक सणसणीत शिवी घातली. पाद्री मित्रोफान यांनी ती ऐकली नाही असं दाखवलं आणि दुसरं कणीस घेतलं.

कापा मंचावरून उतरली तेव्हा तिच्याभोवती अमेरिकन बायकांचा गराडा पडला होता. एक म्हणत होती, पुढच्या वर्षी माझ्या नवऱ्यावर म्हणाल का, मी तुम्हाला त्याच्या सगळ्या सवयी सांगते. सावेली जवळून गेला तेव्हा कापा त्या बाईचं बोलणं तोडून म्हणाली, "वीट म्हणालास काय माझ्या पिरोश्क्यांना? आता उपाशी मर."

"बरं," सावेली म्हणाला.

"आणि 'दह्यात' ला 'पावसात' हे काही यमक नाही. कुणी शिकवलं तुला?"

"कोंबड्यांनी."

तिने त्याच्या खांद्यावर एक रपाटा हाणला. चांगला जोरात. सावेलीने खांदा चोळला आणि शीळ घालत गाडीकडे गेला.

घरी जाताना ऊन कलतं झालं होतं, मक्याच्या शेतांवर पिवळं पडलं होतं. झोया गाडी चालवत होती. गारमोन मागच्या सीटवर होती.

"मला इस्पितळात ते यंत्र ऐकू यायचं," झोया अचानक म्हणाली. "टिक, टिक. अजून ऐकू येतं. म्हणून मी सगळ्यांना सांगत सुटले."

"माहीत आहे, पोरी."

"तुला राग आला?"

"आला होता. आता कंटाळा आलाय. भूक लागलीय."

ती हसली. मग थोड्या वेळाने घसा खाकरला आणि आपल्या मोडक्यातोडक्या, शाळेत इंग्रजी बोलून बोलून वाकड्या झालेल्या रशियनमध्ये, स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरत म्हणाली:

"माझा पापा म्हातारा घोडा,
लाथ मारते दारावर,
गोळी खायला दिला तर..."

ती अडली.

"लाथ मारतो," सावेलीने दुरुस्त केलं. "घोडा मारतो. आणि 'गोळी दिली'. तर काय?"

"थांब ना. यमक शोधतेय. तूच सांग."

"यमक मागायचं नसतं."

झोयाने ओठ चावले. एक वळण गेलं, पेट्रोल पंप गेला.

"...थुंकून टाकतो माझ्यावर!"

सावेलीने डोकं मागे टाकलं आणि हसायला लागला. हसता हसता छातीवरचा व्रण ओढला गेला, त्याने हात तिथे दाबून धरला. झोयाने घाबरून गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

"दुखतंय?"

"दुखतंय," सावेली डोळे पुसत म्हणाला. "पुढचं म्हण."